थंड होताना

त्या गुरुवारची सकाळ इतर कोणत्याही गुरुवारसारखीच सुरू झाली. राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत नळ जाण्याआधी मी दोन घागरी भरून घेतल्या, मोड आलेली मटकी फोडणीला टाकली, घरमालकीणकाकूंनी दारात ठेवलेले दूध तापवले आणि चहा उभ्यानेच घेतला. डब्यात उसळ आणि भाकरी बांधली. पिशवीत भिंग, टॉर्च आणि मोजपट्टी टाकली. डिसेंबरातली थंडी होती. शिरोलीच्या बसमध्ये मला खिडकीची जागा मिळाली, आणि पंचगंगेच्या पुलावर धुक्यात काहीच दिसत नसताना मी फक्त एवढाच विचार करत होते, की बहिणीच्या लग्नाचा अल्बम अजून बांधून आलेला नाही. लग्नाला वर्ष होत आले.

गुरुवार हा त्या औद्योगिक वसाहतीचा वीज-सुट्टीचा वार. त्या काळी आठवड्यातून एक दिवस सकाळी वीज जायची ती रात्रीच परत यायची. यंत्रे थांबत, रस्ते सामसूम होत, आणि भट्ट्या आपापल्या जागी थंड होत राहत. मी मगदूम यांच्या फाउंड्रीत धातुशास्त्रज्ञ होते. आमची फाउंड्री भट्टीच्या आत बसणारी उष्णता सोसणारी भांडी ओतून देई. पुस्तकात त्या भांड्याला रिटॉर्ट म्हणतात. कामगार सरळ हंडा म्हणत, कारण ते पुरुषभर उंचीच्या हंड्यासारखेच दिसे. आमचे हंडे ज्यांच्याकडे चालू होते त्यांच्याकडे मी गुरुवारी फेरी मारत असे. भट्टी बंद असली की नीट पाहता येते.

पहिला थांबा नाडगौडांचा कारखाना. तिथे ट्रॅक्टरच्या गिअरना कडक कवच चढवत. गिअर हंड्यात उतरवायचे, वरून झाकण घट्ट करायचे, आत मिथेनॉलचा थेंब थेंब सोडून त्याचा वायू करायचा आणि बाहेरून विजेच्या तारांनी हंडा नारिंगी होईपर्यंत तापवायचा. मी पोचले तेव्हा वीज नुकतीच गेली होती.

"आलासा व्हय मॅडम?" भट्टीवरचे सुपरवायझर सर्जेराव पोवार पंच्याने हात पुसत पुढे आले. "बरं झालं. तुमच्या हंड्याला कोंडा झालाय बघा. शिकेकाई आणलीया का?"

भोवतालचे दोघे-तिघे हसले. मीही हसले.

"कसला कोंडा?"

"परवा तार बदलायला बाजूचं दार काढलं, तर तळाला हे एवढं पडल्यालं." त्यांनी पत्र्याचा एक डबा माझ्यापुढे धरला. "झाडून ठेवलंय. म्हटलं, मॅडमना दाखवू. पापडाचा कारखाना काढायला हरकत न्हाई."

डबा निम्म्याहून अधिक भरलेला होता. आत काळपट खपल्या होत्या, कांद्याच्या सालीसारख्या वाकलेल्या. मी एक उचलून उलटी केली. आतली बाजू अगदी गुळगुळीत होती.

हसू माझ्या चेहऱ्यावर तसेच राहिले असावे, कारण सर्जेराव अजून हसत होते. मी मात्र पिशवीतून भिंग काढले.

तापलेल्या धातूवर हवेने एक पापुद्रा धरतो. चांगल्या मिश्रधातूत तो क्रोमियमचा असतो. पातळ, चिवट. तो धातूला चिकटून राहिला तर खालचा धातू वर्षानुवर्षे सुरक्षित राहतो. पण धातू आणि पापुद्रा सारखे आकसत नाहीत. गरम असताना काही बिघडत नाही. पापुद्रा सुटतो तो थंड होताना. तो सुटू नये म्हणून ओतण्याच्या वेळी आम्ही धातूत चिमूटभर मिशमेटल घालत असू. सेरियम, लँथॅनम अशा दुर्मिळ मृदा धातूंचे ते राखाडी खडे. हंड्याच्या वजनापुढे नगण्य. पण तेवढ्यानेच पापुद्रा धातूला मुळे धरल्यासारखा घट्ट बसतो. इतका गुळगुळीत सुटून येत नाही.

"पोवारमामा, पडलेले स्क्रू उचलायला तुमच्याकडे चुंबक असतो ना?"

"हाय की." त्यांनी खिशातून काढून दिला.

क्रोमियमचा पापुद्रा चुंबकाला ओळख देत नाही. मी चुंबक डब्यावर धरला. खपल्या उड्या मारून त्याला चिकटल्या, एकीवर एक, दाढीसारख्या लोंबू लागल्या.

"अरं तिच्या," सर्जेराव कौतुकाने म्हणाले.

म्हणजे क्रोमियम संपले होते. दर गुरुवारी एक कात टाकायची आणि दर शुक्रवारी नवी धरायची, असे करता करता हंड्याने आपले सगळे क्रोमियम खर्च केले होते, आणि आता खुद्द लोखंड जळत होते. ते फार भराभर जळते.

मी भट्टीकडे पाहिले. झाकणावरच्या नळीतून निघणारा वायू पेटवून ठेवलेला होता. ती ज्योत शांत होती. मिथेनॉलचे थेंब काचेच्या नळीतून पडत होते. "आत माल आहे?"

"पहाटे भरलाय. आता तसाच गॅसमधी थंड करायचा."

हा सगळ्या वसाहतीचा रिवाज होता. न जळणारा नायट्रोजन महाग आणि सिलिंडर वेळेवर मिळत नसत. म्हणून वीज गेल्यावर थेंब चालूच ठेवायचे, म्हणजे हंड्यात हवा शिरत नाही आणि गिअर काळे पडत नाहीत. हंडा अभंग असेल तोवर ही पद्धत निभावते. हंड्याला भोक असेल, तर आतला वायू आणि बाहेरची हवा एकमेकांत मिसळतात. भट्टी लाल असेपर्यंत ते मिसळल्याबरोबर जळून जातात. काही होत नाही. तापमान उतरले, की ते जळत नाहीत. साठत राहतात. मग एखादी ठिणगी निमित्त होते आणि स्फोट होतो.

तापमापकाच्या तबकडीवर या मर्यादेची, सातशे पन्नास अंशांची, तांबडी खूण केलेली होती. काटा तिच्या बराच वर होता, आणि पाहता पाहता थोडा खाली सरकला.

 मला आठवते, पहिला विचार माणसांचा आला नाही. पहिला विचार आला की येथून निघून जावे. पुलापलीकडे जावे. बस पकडावी.

"नाडगौडासाहेब कुठं आहेत?"

नाडगौडा आपल्या केबिनमध्ये खिडकीच्या उजेडात वर्तमानपत्र वाचत होते. व्यवस्थित, चष्मा लावणारे, शब्द मोजून वापरणारे गृहस्थ. मी उभ्यानेच सांगितले. त्यांनी खपली हातात घेतली, फिरवून पाहिली, टेबलावर ठेवली.

"हुक्केरीबाई, तुम्ही तुमच्याच मालाला नावं ठेवताय, हे तुमच्या लक्षात आहे ना?"

"आहे."

"भोक पडलंय, हे तुम्ही पाहिलंत?"

"नाही. पण..."

"आत्ता नायट्रोजन सोडून भट्टी धुतली तर कवच बिघडून माझा आतला सगळा माल वाया जातो. त्या गिअरची तारीख शनिवारची आहे. मी ट्रॅक्टर कंपनीला काय सांगू? बाईंना भीती वाटली?"

"होय, असंच सांगा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "मला भीती वाटतेय. तुम्ही चला आणि बाजूच्या दारातून बघा. काही दिसलं नाही, तर मी माफी मागून जाईन."

ते चष्मा पुसत उठले.

बाजूच्या दाराला तपासणीसाठी एक छोटी झडप होती. सर्जेरावांनी सळईने ती वर उचलली. आधी मी डोळा लावला. हंड्याची बाहेरची भिंत मंद तांबूस होत चालली होती, आणि खालच्या अंगाला हाताच्या पंजाएवढा एक डाग बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ होता. तिथे भिंत इतकी पातळ झाली होती, की आतल्या मालाची धग तिच्यातून दिसत होती. त्या डागाच्या मधोमध निळसर रंगाचे काहीतरी हलले. मी पाहत राहिले. करंगळीच्या नखाएवढी ज्योत होती. हंड्याच्या बाहेर, जिथे काहीही जळायला नको तिथे, शांतपणे जळत होती.

मी बाजूला झाले. नाडगौडांनी वाकून पाहिले. ते बराच वेळ वाकलेलेच राहिले. सरळ झाले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

"पोवार, सगळ्यांना बाहेर काढा. गेटपाशी. विडी कुणी पेटवायची नाही."

"साहेब, माल..."

"मालाचं मी बघतो. जा म्हटलं ना."

मिथेनॉल त्यांनी स्वतः बंद केले. नायट्रोजनचा व्हॉल्व्हही त्यांनीच उघडला. हळूहळू, एकेक बोट फिरवत, कारण एकदम उघडला तर झोताबरोबर भोकातून हवा आत ओढली जाण्याचा धोका असतो. आम्ही दोघे तिथे उभे होतो.  झाकणावरच्या नळीची ज्योत पिवळी झाली, आखूड झाली, आणि विझली. आत आता जळण्यासारखे काही उरले नव्हते. काटा अजून तांबड्या खुणेच्या वर होता.

बाहेर आल्यावर मी पायरीवर बसले. सर्जेरावांनी कुठूनतरी चहा आणला.

"घ्या मॅडम. सांडू नका म्हंजे झालं. हात बघा कसा नाचतोय."

"तुमचा नाही नाचत?"

"माझा खिशात घातलाय," ते म्हणाले, आणि या वेळी आम्ही दोघेही खरे हसलो.

चहा संपेपर्यंत मी सुखी होते. सगळे संपले, असे मला वाटत होते. मग कप खाली ठेवताना प्रश्न आला: मिशमेटल गेले कुठे? प्रत्येक हंड्याचा प्रयोगशाळेचा अहवाल मी स्वतः पाहत असे. याही हंड्यात सेरियम बरोबर भरले होते.

नाडगौडांच्या केबिनमधून मी आमच्या फाउंड्रीला फोन लावला. आप्पासाहेब मगदूमांनीच उचलला. मी त्यांच्याकडे लागले तेव्हा फाउंड्रीत बाईमाणूस म्हणून सगळे हसले होते. आप्पांनी मला वेगळी खोली आणि सूक्ष्मदर्शक दिला होता. मी त्यांना आप्पाच म्हणत असे.

"आप्पा, गेल्या फेब्रुवारीत मी लग्नाला गेले होते. त्या आठवड्यात हंड्यांचा एक घाणा, एक हीट ओतली होती. त्यात मिशमेटल कसं घातलं?"

"घातलंय की. रिपोर्ट तूच बघितलास."

"किती घातलं ते नाही विचारत. कसं घातलं?"



"बाबालालच्या डोळ्याचं तुला ठाऊक आहे," आप्पा म्हणाले.

बाबालाल शिकलगार आमचा ओतारी. मिशमेटलचे पाकीट लांब दांडीला बांधून वितळलेल्या धातूने भरलेल्या पातेल्यात अगदी शेवटी खोल दाबायचे, हे काम त्याचे. दाबताच डोळे दिपवणारा भडका उठतो. जानेवारीत तापलेल्या धातूचा एक थेंब उडून त्याची पापणी जळाली होती. डोळा थोडक्यात वाचला.

"माझ्यानं त्याला परत तिथं उभं करवंना, शैलजा. मी म्हटलं, पाकीट रिकाम्या पातेल्याच्या तळाला ठेवा आणि वरनं धातू ओता. उडत न्हाई, भडकत न्हाई. बाबालाल आपला लांब उभा. पुढं तू आलीस, त्याला चष्मा, तोंडावरची जाळी आणलीस, मग परत दांडीनंच चालू केलं. ती एकच हीट तशी झाली. का गं?"

पातेले लाल तापलेले असते. त्याच्या तळाला ठेवलेले पाकीट धातू येईपर्यंत हवेतच जळू लागते. उरलेले धातूतल्या प्राणवायूशी आणि गंधकाशी बांधले जाते. प्रयोगशाळेचे यंत्र ते सगळे मोजते. जिवंत किती आणि राख झालेले किती, हे त्याला सांगता येत नाही. मी आप्पांना एवढेच सांगितले.

"म्हंजे हाय, पण न्हाई?"

"आहे. पण कामाचं राहिलेलं नाही. नाडगौडांच्या हंड्याला भोक पडलंय, आप्पा. ज्योत बाहेर आली होती."

"कुणाला लागलं?" हे त्यांनी ताबडतोब विचारले.

"नाही. वेळेवर कळलं."

त्यांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. मी विचारले, "त्या हीटमधून हंडे किती निघाले?"

"दोन," आप्पा म्हणाले, आणि मग त्यांनाही समजले. "दुसरा बोल्टवाल्यांचा."

बोल्टवाल्यांचा कारखाना पलीकडच्याच रस्त्यावर होता. त्यांनाही गुरुवारची सुट्टी. त्यांचाही काटा याच वेळी खाली येत होता.

"हे बघ, शैलजा," आप्पांचा आवाज खाली आला, "तू तिथंच थांब. मी गाडी काढतो. ते लोक आपल्याकडं नवीन आहेत. आधी मी त्यांच्या मालकाशी नीट बोलतो. एक हंडा गेला तर सांभाळता येतं. एका दिवसात दोन म्हटल्यावर उद्यापासनं वसाहतीत आपलं नाव कोण घेईल? फाउंड्री बसंल, पोरी. मी येईस्तोवर कुणाला काही बोलू नको."

आप्पा खोटे बोलणारे गृहस्थ नव्हते. ते घाबरले होते, माझ्यासारखेच. पण कोल्हापुरातून शिरोलीला यायला पुलावरून यावे लागते, आणि काटा कुणासाठी थांबत नाही.

"आप्पा, तुम्ही या," मी म्हणाले. "मी तिकडे निघालेय."

त्यांचे उत्तर मी ऐकले नाही. रिसीव्हर ठेवला. बोल्टवाल्यांच्या कचेरीचा फोन नाडगौडांनी लावून पाहिला. सुट्टीमुळे नुसता वाजत राहिला. सर्जेरावांनी आपली लूना सुरू केली.

त्या कारखान्याचे फाटक उघडेच होते. आतल्या अंधाऱ्या शेडमध्ये भट्टीवरचा एकच माणूस होता. ईश्वरा कांबळे, असे त्याचे नाव सर्जेरावांनी हाक मारली तेव्हा मला कळले. उतारवयाचा माणूस. थंडी होती म्हणून घोंगडे पांघरून तो भट्टीच्या ऊबदार पत्र्याला पाठ टेकून बसला होता. त्याच्या डोक्यावर झाकणाच्या नळीची ज्योत होती. ती शांत नव्हती. मध्येच आखडत होती आणि पुन्हा वर येत होती.

मी दारातूनच टॉर्च तबकडीवर मारला. काटा तांबड्या खुणेवर टेकलेला होता.

"ईश्वरा, ऊठ. भाईर ये," सर्जेराव म्हणाले.

"का रं? भट्टी सोडू नको म्हणलंय मालकांनी. आन् या बाई कोण?"

"मामा, हंडा आमच्या फाउंड्रीचा आहे," मी म्हणाले. "त्यात दोष निघालाय. तुम्ही आत्ता बाहेर चला, मालकांना मी सांगते."

तो उठला, पण तेवढ्याने हलेना. घोंगडे नीट घडी करू लागला. सर्जेरावांनी त्याला घोंगड्यासकट दंडाला धरून बाहेर आणले.

"नायट्रोजन कुठला?" मी विचारले.

"डाव्या भिंतीला. काळा सिलिंडर. पण त्यो मालकांच्या हुकमाबिगर..."

"मॅडम, तुम्ही थांबा," सर्जेराव म्हणाले. "मी जातो."

"दोघांचं काम नाही, मामा. व्हॉल्व्ह दोनच आहेत. तुम्ही यांना रस्त्यापलीकडे न्या."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी ईश्वराला पुढे घातले.

मी आत गेले. दारापासून भट्टीपर्यंत फार अंतर नव्हते, पण ते चालताना माझ्या चपलांचा आवाज मला सहन होईना, म्हणून मी त्या काढून ठेवल्या. असे का केले, ते आजही सांगता येत नाही. फरशी बर्फासारखी होती. मिथेनॉलच्या काचेच्या नळीत एक थेंब टोकाशी जमत होता. तो पडण्याआधी मी चावी फिरवली; तो तिथेच लोंबत राहिला. मग काळ्या सिलिंडरचे चाक. ते घट्ट बसलेले होते. पदर गुंडाळून जोर केला तेव्हा जरासे फिरले. मला ते सबंध फिरवून पळून जायचे होते. माझे सगळे अंग तेच सांगत होते. मी एक बोट फिरवले आणि थांबले. पुन्हा एक बोट. माझ्या पाठीशी, हातभर अंतरावर, भट्टीचा पत्रा थंड होताना बारीक टकटक आवाज करत होता. प्रत्येक आवाजाला मी डोळे मिटत होते आणि पुन्हा उघडत होते, कारण ज्योतीवर नजर ठेवणे भाग होते.

ज्योत पिवळी झाली. आखूड झाली. बराच वेळ तशीच राहिली. मग विझली.

मी चाक आणखी थोडे उघडून ठेवले, चपला हातात घेतल्या आणि बाहेर आले. रस्त्यापलीकडे ते दोघे उभे होते. ईश्वराने घोंगडे खांद्यावर टाकले होते.

"झालं?" सर्जेरावांनी विचारले.

"झालं. रात्रीपर्यंत आत कुणी जायचं नाही." मी ईश्वराकडे वळले. "मामा, मालकांच्या घरचा फोन नंबर कुणाकडे मिळेल?"

"वाचमनकडं हाय. पर सायेब लई तापट हायत. मगदूम आप्पा आल्यावर तेच बोलतील की."

"आप्पा येतील," मी म्हणाले. "त्याआधी मी बोलते."

वॉचमनच्या खोलीत फोन होता. मी चपला पायात घातल्या, नंबर फिरवला आणि पलीकडून आवाज आल्यावर आधी आमच्या फाउंड्रीचे नाव सांगितले, मग माझे, आणि मग हंड्याचे.